इलेक्ट्रिक रिक्षेसाठी कर्ज तयार आहे, घेणारा नाही: पतसंस्थेने नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये तुमची पतसंस्था आहे, त्यात साठ-सत्तर रिक्षावाले सभासद आहेत. इलेक्ट्रिक रिक्षेसाठी तुम्ही कमी व्याजाचं कर्ज जाहीर केलंत, मेळावा घेतलात, डीलरला बोलावून गाडी दाखवलीत. सहा महिन्यांत तिघांनीच घेतली. आता संचालक मंडळापुढे तीन पर्याय आहेत: व्याज आणखी दोन टक्के उतरवायचं, चार्जिंग स्टेशन टाकायचं, की एखादं अ‍ॅप करून घ्यायचं.

माझं मत आधी सांगतो. या तिन्हींत पहिलं पाऊल म्हणून एकही उपयोगाचं नाही. चार्जिंग लागेल, पण तुम्ही कल्पना करताय तसं नव्हे. रिक्षावाला गाडी विकत घेताना खरं तर उद्याची कमाई विकत घेत असतो. आजच्या गाडीवर त्याला रोज संध्याकाळी खिशात काय उरतं ते पक्कं माहीत आहे. नव्या गाडीवर ते माहीत नाही, आणि त्या अनिश्चिततेचा सगळा भार तुम्ही त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवलाय. बॅटरी गेली तर त्याची, गाडी उभी राहिली तर त्याचा दिवस, पुढे विकली गेली नाही तर त्याचं नुकसान. यातला वाटा जोवर कोणी उचलत नाही तोवर कर्ज फुकट दिलंत तरी तो विचारात पडेल.

व्याजाचं गणित करूनच बघा. तीन लाखांचं कर्ज, ४८ महिने, १२ टक्के: हप्ता साधारण ७,९०० रुपये. तेच १० टक्क्यांनी ७,६१० च्या आसपास. फरक महिन्याला २९० रुपये, म्हणजे धंद्याच्या दिवसाला अकरा रुपये. दुपारी चार्जिंगसाठी तासभर जास्त थांबावं लागलं तर यापेक्षा कितीतरी जास्त बुडतात, आणि कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जाऊन चार दिवस गाडी उभी राहिली तर वर्षभराची व्याजाची बचत संपून जाते. हे गणित त्याला कागदावर मांडता येत नसेल, पण पोटातून कळतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळ्या सभासदांना एकच उत्तर लागू पडत नाही. तीन गोष्टींवर सगळं ठरतं: रोजचे किलोमीटर, रात्री गाडी लावायची जागा, आणि गाडीचा मालक व चालक एकच आहे की वेगळे. या तीन गोष्टी मेळाव्यात हात वर करायला सांगून कळत नाहीत, कारण किलोमीटर सगळेच वाढवून सांगतात. वीस-पंचवीस जणांना सात दिवस एक वही द्या. सकाळचं आणि रात्रीचं मीटर, अर्ध्या तासाहून जास्त थांबा कुठे व किती वाजता, रात्री गाडी कुठे लावली. बस, एवढंच. रोज संध्याकाळी तुमच्या माणसाने फोटो मागवून घ्यायचा, नाहीतर सातव्या दिवशी सगळी वही एका पेनाने एका बैठकीत भरलेली मिळते.

वही हातात आली की गाडीचा पल्ला खऱ्या आकड्यांनी मोजा. कंपनीचा प्रमाणित पल्ला १३० किलोमीटर असलेली, साधारण ७.४ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी धरू. भरलेल्या सीटा, दर दोनशे मीटरला ब्रेक, द्वारका चौकातली रांग यात ती ८५ ते ९० किलोमीटर जाते. पंधरा टक्के शिल्लक ठेवायची तर नियोजनाला ७५ धरा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली की हेच ६० होतात. विकताना १३० सांगितलं आणि चालवताना ७५ निघाले तर स्टँडवर पुढची गाडी खपत नाही. म्हणून तुमच्या पत्रकावर ७५च छापा. डीलर नाराज होईल, होऊ द्या.

शालिमार ते नाशिकरोड शेअर चालवणाऱ्याच्या दिवसाला दहा-अकरा खेपा म्हणजे शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. त्याला रात्रीच्या चार्जवर दिवस काढता येणार नाही, दुपारी भर घालावीच लागेल. तीन किलोवॅटच्या चार्जरने तासाला बॅटरीत अडीच युनिट जातात, म्हणजे साधारण २८ ते ३० किलोमीटर. दुपारी दीड ते तीन हा तसाही मंदीचा वेळ. जेवणाच्या जागेपासून दोन मिनिटांवर प्लग असेल तर या दीड तासाला तो तोटा मानत नाही. प्लग दोन किलोमीटर लांब असेल तर मानतो. चार्जिंगची जागा ठरवताना नकाशावरचा मोक्याचा चौक बघू नका, वहीतला दुपारचा थांबा बघा.

थोडं विषयांतर, पण नाशिकसाठी महत्त्वाचं. त्र्यंबकेश्वरची खेप जाऊन-येऊन साठ किलोमीटरची आणि जाताना चढाची. ती सकाळी पूर्ण चार्जवरच घ्यायची, दुपारनंतर नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सांगा. २०२७च्या सिंहस्थाच्या गर्दीवर डोळा ठेवून गाड्यांची संख्याही ठरवू नका. तो काही महिन्यांचा धंदा आहे, कर्ज चार वर्षांचं.

पैशांकडे येतो. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्याकडचे चालू दर घालून पुन्हा मांडा. रोज ९० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस. सीएनजी ९० रुपये किलो, किलोला ३२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला २५३ रुपये गॅस. वीज नऊ रुपये युनिट आणि चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला ०.१ युनिट, म्हणजे दिवसाला ८१ रुपये. विमा महिन्याला ८३० आणि देखभाल हजार रुपये, दोन्हीकडे सारखी धरू.

इलेक्ट्रिक गाडी: हप्ता ७,९००, वीज २,१०६, विमा, देखभाल आणि रात्रीच्या जागेचे ६००. एकूण सुमारे १२,४४०, म्हणजे धंद्याच्या दिवसाला ४७८. नवी सीएनजी गाडी, कर्ज २.४ लाख: हप्ता ६,३२०, गॅस ६,५८०, विमा, देखभाल. एकूण १४,७३०, दिवसाला ५६७. इलेक्ट्रिकवर रोज ८८-८९ रुपये जास्त उरतात. रोज १२० किलोमीटर चालणाऱ्याला हा फरक १४५ च्या पुढे जातो. ६० किलोमीटर चालणाऱ्याला जेमतेम तीस रुपये, आणि तेवढ्यासाठी कोणी सवय बदलत नाही.

पण ज्याची सीएनजी रिक्षा कर्जमुक्त आहे त्याचा खर्च दिवसाला ३२३च आहे. त्याने तुमची गाडी घेतली तर तो रोज दीडशे रुपयांनी तोट्यात जातो. तुमच्या मेळाव्याला आलेल्यांत असेच लोक जास्त असणार. ते घाबरट नाहीत, त्यांचा हिशोब बरोबर आहे. त्यांच्यामागे लागू नका. ज्याची गाडी आयुष्य संपून भंगारात निघायच्या बेतात आहे, जो आज भाड्याने चालवतो आणि स्वतःची घेऊ पाहतो, किंवा ज्याने नवी सीएनजी बुक करायचं ठरवलंय, तोच तुमचा पहिला ग्राहक. साठ-सत्तरांत असे दहा-पंधरा निघतील आणि सुरुवातीला तेवढे पुरेत. आणखी एक बाब: सप्टेंबर २०२५ पासून तीनचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो पाच टक्केच आहे, पण किमतीतली दरी आकुंचली. जुन्या कोटेशनवर तुलना करू नका.

आता मुख्य सूचना, आणि ती तुमच्या संस्थेला कोणत्याही नव्या कंपनीपेक्षा सोपी आहे. तुमच्याकडे पिग्मी आहे, म्हणजे एजंटने सभासदाकडे जाऊन रोज थोडी रक्कम गोळा करायची पद्धत. मासिक हप्ता हे रिक्षाच्या धंद्याशी न जुळणारं माप आहे. गॅस रोजच्या कमाईतून रोज भरला जातो, म्हणून महाग असूनही तो जाचत नाही. सात हजार नऊशे रुपये एकदम काढायचे म्हटले की सव्वीस तारखेपासून झोप उडते. तेव्हा कर्ज, विमा, रात्रीची जागा, चार्जिंग आणि देखभाल हे सगळं मिळून रोजचा एकच आकडा ठरवा आणि पिग्मी एजंटने तो स्टँडवर येऊन न्यावा. एजंटचं कमिशन त्या आकड्यात आधीच धरा. वरच्या उदाहरणात ४७८ आले. त्यात पुढे बॅटरी बदलण्यासाठी साठवायच्या बॅटरी निधीचे २५ घातले की ५०३, कमिशन धरून ५१५-५२० बसतील. तो मनात लगेच तुलना करतो: गॅस अडीचशे आणि नव्या गाडीचा हप्ता अडीचशे मिळून पाचशे होतातच. बोलणं इथून पुढे सरकतं.

या योजनेचा कणा म्हणजे एक वाक्य करारात घाला: गाडी आपल्या कारणाने उभी, तर हप्ताही उभा. चार्जर बिघडला, सुटा भाग आला नाही, रात्री गाड्या लावायच्या आपल्या आवारातली वीज गेली आणि चार्ज झाला नाही, त्या दिवसाचा आकडा घ्यायचा नाही. तो दिवस कर्जाच्या शेवटी जोडायचा. महिन्याला एक दिवस असा गेला तरी ४८ महिन्यांत ४८ दिवस होतात, म्हणजे वसुली दोन महिन्यांहूनही कमी लांबते. संस्थेला हे झेपतं. रिक्षावाल्याच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठी भीती निघून जाते, आणि दुसरं म्हणजे गाडी लवकर दुरुस्त व्हावी ही आता तुमचीही गरज बनते. नुसत्या अनुदानाने ही गोष्ट होत नाही. अनुदान खरेदीच्या दिवशी मिळतं, अडचण त्यानंतरच्या हजार दिवसांत येते. यात एक पळवाट राहते: दुरुस्तीच्या नावाने सुट्टी. त्यावर उपाय साधा आहे. गाडी आवारात आणून लावली तरच तो दिवस धरायचा.

मालक वेगळा आणि चालक वेगळा असेल तर हे सगळं कोसळतं, कारण इंधनाची बचत चालकाच्या खिशात आणि जास्तीचा हप्ता मालकाच्या माथी. समजा आज चालक शिफ्टला ३५० भाडं देतो आणि २५३ चा गॅस स्वतः भरतो, एकूण ६०३. इलेक्ट्रिकवर चार्जिंगसकट ५२० भाडं ठरवा. चालकाचे ८३ वाचतात. मालकाला १७० जास्त मिळतात, त्यातून विजेचे ८१ गेले तरी महिन्याला साधारण २,३०० उरतात. वाढलेला हप्ता आणि जागेचं भाडं मिळून २,१८० होतात. काठावर जमतं, पण जमतं. हा करार दोघांना समोरासमोर बसवून करा. एकट्या मालकाशी केलात तर भाडं वाढल्याचं चालकाला स्टँडवर कळेल, गॅस वाचल्याचं कोणी सांगणार नाही.

रात्रीच्या जागेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात आणि अपघातही इथेच होतात. बहुतेक सभासद चाळीत किंवा रस्त्यावर गाडी लावतात, तिथे प्लग नाही. खिडकीतून वायर सोडून चार्ज करणं धोक्याचं आहे. म्हणून वीस गाड्यांचं रात्रीचं आवार हीच तुमची पहिली खरी गुंतवणूक असावी. रिक्षा पावणेतीन मीटर लांब आणि सव्वा-दीड मीटर रुंद. वळायला जागा धरून गाडीमागे आठ-नऊ चौरस मीटर. दोन गुंठ्यांत वीस गाड्या बसतात.

वीस चार्जर गुणिले तीन किलोवॅट म्हणून ६० किलोवॅटचा भार मागू नका. रोज सरासरी गाडीमागे सात-आठ युनिट लागणार, एकूण १६० च्या आसपास. नऊ तासांत ते पसरले तर १८-१९ किलोवॅट पुरतात. दहा गाड्या रात्री दहा ते दोन, उरलेल्या दोन ते सहा. ३० ते ३५ किलोवॅट मंजूर भार पुरेल आणि स्थिर आकार, म्हणजे त्या भारावर लागणारं ठरावीक शुल्क, निम्म्यावर येईल. तिन्ही फेजवर चार-तीन-तीन अशी वाटणी करा. पाळी बदलायला टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवा. शिवाय रात्रीचा एक माणूस हवाच, नुसत्या टायमरवर सोडलेल्या आवारात दर आठवड्याला एखादी गाडी कोरी राहते. महावितरणकडे वाहन चार्जिंगची वेगळी दरश्रेणी आहे, मीटर त्याच श्रेणीत घ्या. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, सेवा आहे, असा खुलासा केंद्राने २०१८ मध्येच केलाय, त्यामुळे त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही.

प्रत्येक जागेला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की वीज तोडणारा स्विच), स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की झटका बसण्याआधी तोडणारा स्विच), ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचं औद्योगिक सॉकेट. घरगुती तीन पिनी सॉकेट वापरू नका. तीन किलोवॅट म्हणजे सलग चार तास तेरा-चौदा अँपिअर. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, हा होत नाही, म्हणून सॉकेटच्या पिना तापून प्लास्टिक वितळतं. सुरुवात नेहमी सैल स्क्रूपासून होते, तेव्हा महिन्यातून एकदा वीज बंद करून सगळे स्क्रू आवळा. वीस जागांना मिळून एकच आरसीसीबी बसवण्याची काटकसर महागात पडते. पावसात एका चार्जरमध्ये ओल शिरली की सगळं आवार बंद आणि सकाळी वीस गाड्या रिकाम्या. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबी बायपास करतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. अर्थिंगचे दोन खड्डे करा आणि रीडिंग मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात ओल्या मातीमुळे ते चांगलंच येतं.

दुपारच्या प्लगला सावली अनिवार्य आहे. चाळीस अंशांत भरधाव आलेल्या गाडीची बॅटरी आतून तापलेली असते. सेलचं तापमान ठरावीक मर्यादेपुढे, बऱ्याच पॅकमध्ये ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान, गेलं की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी तिच्यातलीच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. चालकाला वाटतं चार्जर बिघडला. पंधरा-वीस मिनिटं सावलीत थांबून प्लग लावला की अडचण येत नाही. आणखी एक तक्रार तुमच्याकडे हमखास येईल: काट्यावर १८ टक्के दिसत होते आणि गाडी बंद पडली. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे दिवसेंदिवस अर्धवट चार्ज केलं तर टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. आठवड्यातून एकदा १०० टक्के होऊन चार्जर आपोआप थांबेपर्यंत लावून ठेवायचं. हे आवाराच्या फलकावर लिहा, वार ठरवून द्या.

बॅटरीची हमी वर्षांत वाचू नका, किलोमीटरमध्ये वाचा. रोज ९० किलोमीटर म्हणजे वर्षाला २८ हजार. हमी ‘तीन वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर’ असेल तर ती ३४ महिन्यांतच संपते आणि तुमचं कर्ज ४८ महिन्यांचं आहे. शेवटचे चौदा महिने संस्था उघड्यावर. १ लाख २० हजार किलोमीटरची हमी ५१ महिने पुरते, तीच घ्या, वाढीव हमीचे पैसे भरावे लागले तरी. ते जमत नसेल तर कर्जच ३४ महिन्यांचं करा. बॅटरी निधीचे रोजचे २५ रुपये चार वर्षांत गाडीमागे ३१,२०० होतात. एका बॅटरीच्या किमतीला ते पुरणार नाहीत, पण वीस गाड्यांचे सव्वासहा लाख होतात आणि सगळ्या बॅटऱ्या एकदम जात नाहीत. खरेदीच्या वेळीच डीलरकडून लिहून घ्या की बीएमएसची माहिती दर तीन महिन्यांनी मालकाला आणि संस्थेला मिळेल. ती नसेल तर चौथ्या वर्षी गाडीची किंमत कोणालाच ठरवता येत नाही. ती असेल तर क्षमता ७५ टक्क्यांहून जास्त असलेली गाडी संस्था ठरलेल्या किमतीला परत घेईल, असं तुम्ही आज लिहून देऊ शकता.

बॅटरी अदलाबदलीचं, म्हणजे केंद्रावर रिकामी देऊन भरलेली घेण्याचं, कोणी नक्की विचारेल. तैवानमध्ये गोगोरो या कंपनीने २०१५ पासून स्कूटरसाठी ती पद्धत रुजवली, कारण गावभर दाट केंद्रं आणि एकच मापाची बॅटरी होती. बेटर प्लेस या कंपनीने इस्रायलमध्ये मोटारींसाठी तोच प्रयोग केला आणि २०१३ मध्ये तिचं दिवाळं निघालं. वीस रिक्षांसाठी स्वतःचं केंद्र काढू नका, कारण गाड्यांपेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्तीच्या बॅटऱ्यांत पैसा अडकतो. तुमच्या मार्गावर दोन-तीन किलोमीटरच्या आत कोणाचं केंद्र चालू असेल आणि गाडी दोन शिफ्टमध्ये दीडशे किलोमीटर चालत असेल तर तो पर्याय खरोखर चांगला आहे. बॅटरीविना गाडीची नोंदणी २०२० पासून करता येते. मात्र दोन गोष्टी बघा. गाडीसोबतच्या बॅटरीवर पाच टक्के जीएसटी, वेगळ्या घेतलेल्या लिथियम बॅटरीवर १८, आणि हा फरक शेवटी भाड्यात येतो. दुसरं, तुमचा बोजा फक्त सांगाड्यावर राहील. केंद्र बंद पडलं तर तारण म्हणून तुमच्याकडे न चालणारी गाडी उरते.

गाडी उभी न राहावी यासाठी वीसमागे एक बदली गाडी ठेवा. तिचा खर्च वीसांत वाटला की दिवसाला पंधरा-वीस रुपये येतो, तो रोजच्या आकड्यात धरा. सुट्या भागांत चार्जर, अ‍ॅक्सिलरेटर, डीसी कन्व्हर्टर, कॉन्टॅक्टर, फ्यूज आणि कनेक्टर हे आवारातच हवेत. कंट्रोलर एक तरी. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त तक्रारी कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याच्या असतात, आणि धुण्याच्या पंपाचा झोत सीटखाली मारल्याने त्या ओढवून घेतल्या जातात. नदीकाठच्या पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तपासल्याशिवाय चार्जला लावायची नाही, यात सूट नाही. मेकॅनिकला सांगा की ४८ व्होल्टचा झटका जीवघेणा नसला तरी शॉर्ट झाला तर पाना वितळेल इतका प्रवाह जातो. अंगठी, कडं काढून, इन्सुलेटेड पान्यानेच काम.

गाडी निवडताना ई-रिक्षा आणि ई-ऑटो यांत गल्लत करू नका. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेली, लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ई-रिक्षा तुमच्या मार्गांवर चालणार नाही, आणि तिच्या बॅटऱ्या साधारण वर्षभरातच बदलाव्या लागतात. तुम्हाला एल-५ वर्गातली (जास्त वेगाच्या तीनचाकींच्या नोंदणी वर्गातली) ऑटो हवी, आणि तिची बॅटरी एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या मानकाच्या सुधारित नियमांनुसार प्रमाणित असल्याचा कागद हवा. बॅटरीवरच्या प्रवासी गाड्यांना ऑक्टोबर २०१८ पासून परमिटची सक्ती नाही. हीच गोष्ट रिक्षा संघटनेला खुपते: बाहेरचे लोक विनापरमिट गाड्या घेऊन आपल्या स्टँडवर येतील ही धास्ती खरी आहे. म्हणून पहिल्या वीस गाड्या त्या स्टँडच्या जुन्या सभासदांनाच, हे संघटनेला आधी लेखी द्या. पासिंग आणि बॅजबाबत तुमच्या आरटीओत सध्या काय मागतात ते कर्ज मंजूर करण्याआधी स्वतः जाऊन विचारा.

सुरुवात कुठून करायची? ज्या तिघांनी गाडी घेतली त्यांच्यापासून. ते स्टँडवर काय सांगतात यावर तुमची पुढची वीस गिऱ्हाइकं ठरतात. त्यांच्या अडचणी आधी सोडवा, त्यांचा मासिक हप्ता रोजच्या आकड्यावर आणा. मग एक गाडी चालवून बघायला ठेवा: सात दिवस, त्याच्याच मार्गावर, त्याच्याच प्रवाशांसोबत, आणि रोजचा पूर्ण आकडा घेऊन. फुकट देऊ नका. फुकटच्या गाडीवर तो हिशोब ठेवत नाही, आणि सातव्या दिवशी त्याच्या हातात स्वतःचे आकडे असणं हाच त्या आठवड्याचा उद्देश आहे. पहिली निवड रोज ८० ते १०० किलोमीटर चालणाऱ्याची करा, ज्याचा शब्द स्टँडवर मानला जातो. सर्वांत जास्त पळणाऱ्याला पहिली गाडी दिली तर ती पहिल्याच आठवड्यात वाटेत बंद पडेल.

अ‍ॅपचे पैसे आवाराच्या अर्थिंगला आणि बदली गाडीला लावा. वीस गाड्यांना एक फळा आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो. फळ्यावर रोज एकच आकडा मोठा लिहा: या महिन्यात कोणती गाडी आपल्या कारणाने किती दिवस उभी राहिली. वीस गाड्यांत मिळून महिन्याला वीसपेक्षा जास्त दिवस होत असतील तर एकविसावी गाडी देऊ नका, आधी कारण शोधा.

वह्या भरून झाल्या की किलोमीटर, रात्रीची जागा आणि मालक-चालक हे तीन रकाने इथे टाका, नावं नकोत. कोणाला आता द्यायची आणि कोणाला गाडी बदलायच्या वेळेपर्यंत थांबवायचं ते त्यावरून आपण एकेक करून ठरवू.